खानदेशची कंबर

उसण भरली की आमच्याकडे आधी पायाळू शोधायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं दुखऱ्या कंबरेला पाय लावला की उसण उतरते, अशी पक्की समजूत. अमळनेरच्या आमच्या गल्लीत एक पायाळू मावशी होत्या आणि कापसाच्या हंगामात त्यांच्या ओट्यावर हमाल येऊन पालथे पडत. मावशी लुगडं सावरत, तोंडानं चार शब्द सुनावत, एकेकाच्या पाठीला टाच लावत. गुण आला तर ठीक. नाही आला तर पुढचे उपाय ठरलेले: तिळाच्या तेलाचं मालीश, एरंडाच्या पानांचा शेक, तुंबडी, बिब्बा, आणि कशानंच भागलं नाही तर तापल्या लोखंडाचा डाग. माझ्या वडिलांच्या कंबरेवर असा डाग होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दिवसा मार्केटात हमाली आणि पहाटे तालीम, असं त्यांचं आयुष्य.

मी शाळेत ड्रिल मास्तर होतो. आता शासकीय कागदांत ‘शारीरिक शिक्षण शिक्षक’ लिहितात, पण अमळनेरात मला अजून ड्रिलचे सर म्हणूनच हाक मारतात. निवृत्तीनंतर माझ्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती मागे सरकली, डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ उतरली, आणि ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना ‘वाका, खाली, वर’ म्हटलं त्याला मोजा घालायला नातवाची मदत लागू लागली. व्यायाम करायचा की सोडायचा, हे मला जेवढ्या माणसांनी सांगितलं त्यांची दोन टोकं होती. तालमीतले जुने गडी म्हणाले, सर, अंग मोकळं सोडलं म्हणून असं झालं, जोर वाढवा. नातेवाईक म्हणाले, आता फळीवर पडून राहा, वाकू नका, काही म्हणजे काही करू नका.

ही दोन्ही टोकं जुनी आहेत आणि दोन्ही खानदेशात चांगली रुजलेली आहेत. मधली वाट, म्हणजे माणूस बघून, मोजून, औषधाच्या मात्रेसारखा व्यायाम देण्याची, ती शोधणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावात राहून गेला. गावाला त्याचं नाव फारसं ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पण आधी कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. जळगाव हे तोवर मोठं खेडंच होतं. कापसानं आणि रुळांनी त्याचं शहर केलं. जिनिंग आले, प्रेस आले. मुंबईच्या बाजारात कापूस खंडीनं मोजत, एक खंडी म्हणजे ७८४ पौंड, आणि दाबून बांधलेल्या दोन गाठी मिळून एक खंडी होई. गाठ एकट्यानं उचलायची वस्तूच नव्हे. तिला लोखंडी आकडे लावून लोळवायचं, फळ्या टाकून वर चढवायचं. एकट्याच्या पाठीवर यायचं ते पोतं. धान्याचं, सरकीचं, शेंगांचं, आणि ते शंभर किलोचं. १९४५ साली अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही तेलाची कंपनी निघाली (तीच आजची विप्रो), आणि भुईमुगाच्या पोत्यांची भर पडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली सुचवलं की एका प्रौढ पुरुषाच्या अंगावर ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं नेहमी देऊ नये. आबा तेव्हा भर उमेदीत होते आणि त्याच्या जवळपास दुप्पट वाहत होते. दोन वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानं हमालाला नोंदणी, मजुरीची शाश्वती, भविष्य निर्वाह निधी दिला. फार मोठी गोष्ट होती ती. पोतं मात्र पुढं पुष्कळ वर्षं शंभराचंच राहिलं.

तरी हमालांची पाठ वाटते तितक्या लवकर जात नसे, आणि याचं कारण त्यांच्या उचलण्याच्या पद्धतीत होतं. आबा पोतं जमिनीवरून कधीच उचलत नसत. दोघं साथीदार दोन टोकांना धरून ते वर घेत, आबा पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत किंचित बसत, आणि पोतं मानेखाली, खांद्यांच्या मधोमध बसलं की मांड्यांच्या जोरावर उठत. ओझं शरीराला चिकटलेलं. चालताना छोटी, भरभर पावलं. वळायचं तर पायानं वळायचं, कंबरेत पिळायचं नाही. नवख्या पोराला मुकादम पहिली गोष्ट हीच शिकवी. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून हंडे आणत, त्यातही कणा ताठच राही. उसण भरायची ती बहुधा भलत्याच वेळी: घरी येऊन पाण्याची बादली वाकून उचलताना, किंवा सकाळी उठल्या उठल्या खाटेखालची चप्पल काढताना.

तालीम ही याच्या अगदी शेजारची गोष्ट. आमच्याकडे तालीम नाही असं मोठं गाव नव्हतं, आणि यात्रेत कुस्त्यांचा फड नाही अशी यात्रा नव्हती. शिवाय बारागाड्या. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. मरीआईच्या किंवा खंडेरावाच्या उत्सवात बारा बैलगाड्या एकीला एक जोडतात, त्यांवर पोरंटोरं खच्चून बसतात, आणि उपास केलेला भगत ती सगळी माळ ओढत नेतो. दोन्ही अंगांना त्याला धरायला बगले असतात. देवाची ताकद म्हणा, नाहीतर चाक एकदा फिरलं की पुढचं ओढणं हलकं होतं असं म्हणा. मला त्या वादात पडायचं नाही. पण ज्या मुलखात ओझं ओढण्याला देवाचं काम मानतात तिथं ‘जरा कमी कर’ हा सल्ला कुणाच्या कानी जायचा?

तालमीत सगळा हिशेब आकड्यांचा. किती जोर, किती बैठका, किती फेरे मुद्गल. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९२०च्या दशकात सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्यालाही आमच्याकडे आकड्यांचीच गोडी लागली: बारा, चोवीस, एकशे आठ. एका नमस्कारात कंबर दोनदा पूर्ण वाकते. बाराचे चोवीस, एकशे आठचे दोनशे सोळा. निरोगी पाठीला हे पचतं, आवडतंही. चकती फाटलेल्या पाठीसाठी मात्र हा आकडा वाचूनच घाम फुटावा. आणि वेळ कोणती, तर पहाट. त्याचा दोष पुढं सांगतो.

आता तो माणूस. जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेत डभोईला. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली घडलेला. माणिकराव नुसते पहिलवान नव्हते, हाडं बसवण्यातही त्यांचा हात प्रसिद्ध होता. म्हणजे शिष्यानं सुरुवातीलाच शरीर कसं कमावतात आणि ते कसं मोडतं, दोन्ही पाहिलं. शिक्षण पुरं झाल्यावर गुणे राष्ट्रीय शिक्षणाच्या ओढीनं अमळनेरला, खानदेश एज्युकेशन सोसायटीत आले. १९१६ साली इथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या वर्षांत अमळनेर हे काय गाव होतं! प्रतापशेठजींची गिरणी चालू, त्यांच्याच पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलेलं, जिथं देशभरातले लोक वेदान्तावर वाद घालायला येत. काही वर्षांनी साने गुरुजी तिथंच शिकायला आले आणि मग हायस्कुलात मास्तर झाले. गुरुजींचं नाव गावात सगळीकडे आहे, असायलाच हवं. गुण्यांचं नाव मला कुठं लिहिलेलं दिसलं नाही.

१९१९ साली गुण्यांना नर्मदाकाठच्या माळसरला परमहंस माधवदास भेटले. योगाची दीक्षा तिथली. १९२० मध्ये इंग्रज सरकारनं अमळनेरचं महाविद्यालय बंद पाडलं; राष्ट्रीय वृत्ती हाच गुन्हा. माणूस दुसरा असता तर हिमालयात गेला असता. गुणे बडोद्याच्या दवाखान्यात गेले आणि उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्या माणसाला क्ष-किरणाच्या यंत्रापुढं उभं केलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. तोवर ते स्वामी कुवलयानंद झाले होते. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी नळी घालून मोजलं आणि त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. सर्वांगासनात आणि मत्स्यासनात रक्तदाब किती चढतो तेही तपासलं.

मला यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते यंत्र नव्हे. ‘आसने’ या १९३३ च्या पुस्तकात ते आसनांचा पूर्ण अभ्यासक्रम देतात, मग छोटा देतात, मग अशक्त माणसासाठी अगदी सोपा देतात, आणि कुणी काय करू नये हे वेगळं सांगतात. व्यायाम सगळ्यांना सारखा नसतो, ही गोष्ट तालमीच्या मुलखात लिहून छापणं सोपं नव्हतं. १९२७ साली गांधीजींनी आपल्या प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला, तेव्हा त्यांनाही त्यांच्या वयाला आणि रक्तदाबाला बेतून कमी-जास्त केलेलं मिळालं. पुढं मुंबई प्रांतानं शाळांतल्या व्यायामाचा विचार सुरू केला त्यात कुवलयानंद पुढं होते, आणि १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षण शिक्षकांची सरकारी संस्था निघाली. माझ्या पिढीचे ड्रिल मास्तर त्या परंपरेतलेच. आम्ही तिथून कवायतीचे हुकूम उचलले. आधी माणूस तपास, मग व्यायाम दे, ही गोष्ट चाळीस पोरांच्या वर्गात आणि चाळीस मिनिटांच्या तासात बसणारी नव्हती.

ते पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिलं की पायात उतरणारी ही कळ बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती फुटून तिचा गर मज्जातंतूवर दाबल्यानं येते. चकतीच्या कडेला तंतूंचे वेढे असतात, आत मऊ, पाणी धरणारा गर. वेढे मागच्या बाजूला झिजले, फाटले, की गर तिकडं सरकतो. आयुर्वेदात गृध्रसी म्हणून हे दुखणं वर्णिलेलंच होतं. आता त्याचं ठिकाण सापडलं. ठिकाण सापडल्याचा एक तोटा झाला. काहीतरी ‘फाटलंय’ म्हटल्यावर डॉक्टर आणि रोगी दोघंही घाबरले. आमच्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत कंबरेचं दुखणं म्हणजे लाकडी फळी, पायाला वजन, कंबरेला पट्टा, आणि महिना-महिना पडून राहणं. आबा असेच पडून राहिले. हातावर पोट असलेल्या माणसाचा महिना जाणं म्हणजे काय, ते आईनं शेजाऱ्यांकडून आणलेल्या ज्वारीत मला दिसायचं. आणि उठले तेव्हा मांड्या काटकीएवढ्या झाल्या होत्या. पहिलं पोतं घेतानाच पाय लटपटले.

१९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासात साध्या कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाले कामावर लवकर गेले आणि बाकी कशातही मागं पडले नाहीत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात तर नेहमीचं हालतं-फिरतं राहणारे सगळ्यांत लवकर सुधारले. ही बातमी आमच्या तालुक्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. अजूनही सगळ्या घरांत पोचली आहे असं नाही; माझ्याच घरी फळी आणून ठेवली होती.

चकतीच्या आत नेमका किती दाब पडतो, हे स्वीडनच्या नाकेमसननी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून मोजलं. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि मंडळींनी ते एका स्वयंसेवकावर पुन्हा केलं. त्यांचे आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत, कारण ते वाचताना मला आबाच दिसत होते. उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलोचं ओझं अंगाशी धरलं तर १.१. तेच छातीपासून दोन फूट पुढं धरलं तर १.८. आणि पाठ वाकवून, गोल करून ते उचललं तर २.३, म्हणजे उभ्याच्या चौपटीहून जास्त. रावेर-यावलकडं केळीचा चांगला घड एवढाच भरतो. बागेत घड कापून खांद्यावर घेणारा मजूर म्हणूनच टिकतो. तोच घड वाकून, हात लांब करून ट्रकच्या कोपऱ्यात सारणाऱ्याची कंबर जाते. मुकादमाला हे सुईशिवाय कळलं होतं.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली. माणूस रात्री झोपतो तेव्हा चकती पाणी ओढून घेते आणि सात तासांत तिच्यातला दाब ०.१ वरून ०.२४ वर जातो. सकाळी उठल्यावर ती फुगलेली, ताठ असते. तेव्हा वाकलं तर तिच्या मागच्या तंतूंवर ताण सगळ्यांत जास्त. खाटेखालच्या चपलेचं कोडं तिथं सुटलं. १९९८ मध्ये अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या लोकांना सकाळचे पहिले काही तास वाकणं टाळायला सांगितलं, आणि त्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. आमची सगळी तालीम, सगळे सूर्यनमस्कार, सगळं पहाटे. पहिलवानाला याचं काही नाही. चकतीच्या रोग्यानं मात्र मुहूर्त बदलला पाहिजे.

उलट दिशेचं वाकणंही असंच अपघातानं सापडलं. १९५६ साली न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टनं एका रुग्णाला पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर केलेली होती, ती तशीच राहिली. पाच मिनिटांनी मॅकेन्झी परत येऊन पाहतो तर माणूस पाठ मागं वळवून पडलेला, आणि तीन आठवडे न हललेली पायातली कळ गेलेली. आमच्याकडचा कोणीही म्हणेल, अरे, हे तर भुजंगासन. खरंच आहे. कुवलयानंदांच्या पुस्तकात ते होतंच. फरक एवढाच की मॅकेन्झीनं विचारलं: हे कुणाला द्यायचं, किती द्यायचं, आणि बरोबर चाललंय हे कशावरून ओळखायचं? त्याची खूण साधी आहे. दुखणं पायातून वर, कंबरेकडं सरकलं तर व्यायाम मानवतोय, भले कंबर जरा जास्त दुखो. दुखणं खाली, पोटरीकडं, तळव्याकडं चाललं तर तिथंच थांबायचं.

धुळ्याच्या ज्या फिजिओताईंनी मला उभं केलं त्यांनी पहिल्या दिवशी हीच खूण शिकवली. आधी नुसतं पालथं पडणं. मग कोपरांवर. मग हातांवर, कंबर ढिली सोडून. मध्ये मध्ये थोडं थोडं चालणं. पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे धरणं, उताणं पडून धड उचलणं, हे सगळं बंद. माझ्या वयाच्या पुष्कळांना मणक्यातली वाटच अरुंद झालेली असते, त्यांना मागं वाकल्यानं पाय जास्त भरून येतात. त्यांना भुजंगासन देऊ नका, असंही त्यांनी बजावलं, कारण मी मास्तर, मी गावभर वाटत सुटेन हे त्यांनी ओळखलं होतं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर व्यायाम, मालीश, पायाळू काही नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. बाकीच्यांपैकी बहुतेकांची सरकलेली चकती काही महिन्यांत आपोआप आकसते, शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

हल्ली बोरी नदीच्या बाजूला आमचा एक गट जमतो. सकाळी नाही, साडेनऊनंतर. दूधवाले, निवृत्त कारकून, दोन शिक्षिका, एक जुना पहिलवान. पहिलवान बापूंचं दुखणं माझ्यासारखंच. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “मनी कंबर दुखस, पण जोर नही सोडाव.” जोर सोडायला मी सांगितलंच नाही. भिंतीला हात टेकवून काढायचे, पाठ सरळ, कुल्ले वर न उचलता. ते जमलं की ओट्यावर हात टेकवून. जमिनीवरचे सगळ्यांत शेवटी, कळ वर सरकून राहिली तरच. बैठका अर्ध्या, खुर्चीची पाठ धरून. बापूंनी भिंतीवरच्या जोरांना आधी नाक मुरडलं. आता ओट्यापर्यंत आलेत, आणि मला म्हणाले, तालमीतल्या पोरांना पोतं कसं घ्यायचं ते दाखवायला पुढच्या हंगामाआधी एक दिवस मार्केटात जाऊ. पोतं आता पन्नासाचं असतं. म्हणून पोरं ते एकेकटी, जमिनीवरून, वाकून उचलतात.